सुरय्याकडे साडेबारा हजार किलोमीटर

१२ जानेवारी

तरन्नुमचा फोन. टोरंटोहून! एरवी ईदेला नि दिवाळीला तिची आई, माझी सुरय्या, स्वतः करते. आज पोरीचाच आवाज.

"मौसी, अम्मी सब भूल रही है."

इंग्रजी गेली, उर्दूही चाललीय. दिवसभर मराठीच बोलते म्हणे. घरात कुणालाच कळत नाही.

कळणार कसं! रांगत होती तेव्हाच सुरय्याची अम्मी गेली. पिंपळगावला आमच्याच ओसरीवर वाढली ती. माझ्या आईच्या हातचं जेवली, आईचीच बोली उचलली.

१३ जानेवारी

तरन्नुमने फोन तिच्या कानाला लावला. म्हटलं, "सुरे, मी मालन."

"मालन शाळंत गेलीय. संध्याकाळी ये!"

हसू आलं. मग बराच वेळ रडले.

१५ जानेवारी

योगेशला म्हटलं, मला जायचंय. त्याने मोबाइलवर काढून दाखवलं. मुंबई ते टोरंटो — साडेबारा हजार किलोमीटर! मध्ये विमान बदलायचं, सगळं धरून वीस-बावीस तास. "आई, तुला नाशकातला द्वारका चौक ओलांडवत नाही!"

खरंय.

आम्ही दोघी पहिल्यांदा नाशिकला आलो त्या द्राक्षांच्या टेम्पोतून. तासाभराचा रस्ता. ओझरपर्यंत सुरय्या खिदळत होती. आडगाव आलं आणि ओकली — माझ्या नव्या परकरावर! "किती लांब हाय गं नाशिक! मी नाय पुन्हा यायची." आणि निकाह झाल्यावर सगळ्यांत लांब तीच गेली.

२ फेब्रुवारी

योगेशशी भांडण. "तिकडे जाऊन तू करणार काय?"

बोलणार! दुसरं काय?

१९ मार्च

व्हिसा आला. तिकीट शेवटी योगेशनेच काढलं. तोंड फुगवून.

७ एप्रिल

विमानात. समोरच्या पडद्यावर एवढंसं विमान दिसतंय, हलतच नाही मेलं! पाय सुजलेत. ती मला ओळखेल का? एवढं एकच डोक्यात.

८ एप्रिल

पोचले. रस्त्याच्या कडेला अजून बर्फ. सुरय्या खिडकीशी बसलेली, चिमणीएवढी झालीय. माझ्याकडे बघून म्हणाली, "ही कोण म्हातारी?"

शेजारी टेकले. आईच्या सुरात विचारलं, "सुरे, भाकर खाती का?"

झटकन वळली. "मालनसारखीच बोलती गं तू! मालन कुठं हाय?"

"हाय. इथंच हाय."

माझा हात धरला, तो सोडेचना. मग दाराकडे बोट करून कुजबुजली, "ती पोरगी बघ. लय वाळलीय. मी रोज सांगते, जेव बाई, जेव. ऐकतच नाय. तू तरी सांग."

दारात तरन्नुम उभी. "क्या बोल रही है? रोज मुझे देखके 'जेव, जेव' चिल्लाती है. मुझे लगता है, घर से निकाल रही है."

सांगितलं तिला. ती मटकन खाली बसली, आईच्या मांडीत तोंड खुपसून रडली. मी उठून स्वयंपाकघरात गेले. ज्वारीचं पीठ बरोबर आणलं होतं. तिघी जेवलो.

१५ एप्रिल

तरन्नुम मराठी शिकतेय. आजचा शब्द — "जेवले".

२८ एप्रिल

आज माझं परतीचं विमान होतं. गेलं ते. मी इथेच आहे.