पदवीधराचीच सही हवी

ती. बाबांना,
लेकीचा नमस्कार. आईला एवढंच वाचून दाखवा: मी ठणठणीत आहे, वेळेवर जेवते, खोलीत भरपूर ऊन येतं.

अकाउंटिंगच्या पदवीचे सगळे विषय सुटले. ऑडिटला तर वर्गात पहिली आले. सुट्टीत तुमच्या हाताखाली केलेल्या दोनशे तासांचा दाखला तेवढा मान्य व्हायचा होता. तो परत आला. काम पदवीधर माणसाकडेच शिकायला हवं, असा नियम आहे म्हणे.

मी कॉलेजच्या ऑफिसात खिडकीतल्या बाईंना सांगितलं, "बाबा चाळीस वर्षं कारखान्याचे हिशेब लिहितात. एका पैची चूक नाही." त्या हसल्या. "म्हणजे कारकून ना?"

मी "हो" म्हणाले, बाबा. मागे रांगेत मैत्रिणी उभ्या होत्या.

आता राग गिळा आणि मालकांच्या जावयाकडे जा. हो, तोच, ज्याला ताळेबंद जुळवायला तुम्ही चार रविवार बसून शिकवलंत. त्याच्याकडे पदवी आहे, त्याची सही चालते. 'साहेब' म्हणा, नाहीतर आढेवेढे घेईल.

गुडघा कसा आहे? त्याची केबिन वर आहे, जिना सावकाश चढा.

सोबत कोरा फॉर्म पाठवते आहे. 'काम शिकवणाऱ्याचे नाव' या रकान्यात त्याचं नाव घालायचं. त्याचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. तेव्हा सही त्याची घ्या, नाव मात्र तुमच्याच हाताने लिहा.

तुमची,
चिमी