फाटकावरचा स्तामेन

ओक लाकडाचं फाटक (सांध्यांत एकही खिळा नाही), मागच्या दाराच्या पायऱ्या, द्राक्षांचा मांडव, विहिरीचं झाकण, आणि काच लावलेली, कौलारू छपराची एक छोटी पेटी: या घरात आल्यापासून एवढं मी स्वतःच्या हातांनी केलं. तेव्हा, प्रिय बोगोमिलदादा, लेफ्का मावशीनं फोनवर तुला काहीही सांगितलं असो, मी जिवंत आहे.

थोरल्या मावसभावाला आधी नमस्कार घालायचा सोडून हे सांगावं लागलं, माफ कर. तुझा गुडघा कसा आहे? वहिनींचा खोकला गेला का?

घर तू पाहिलेलं नाहीस. प्लोव्हदिव शहराच्या कडेला, शेवटच्या बसथांब्यापलीकडे. घर म्हातारं, पण आवार एवढं की अक्रोडाखालून मारलेली हाक स्वयंपाकघरात पोचत नाही (तुझी भावजय रुमेना म्हणते, या घरात तेवढंच एक सुख आहे). आधीचा मालक वारला, म्हणून त्याच्या बायकोनं, स्पासका काकूंनी, ते विकलं आणि लेकीच्या फ्लॅटवर गेल्या. तोही माझ्यासारखाच, कोणाकडे न शिकता सगळं स्वतः करणारा. फरक एवढाच की त्याच्या हातची एकही भिंत ओळंब्याला जुमानत नाही. फाटकाचा खांब तर दोन बोटं रस्त्याकडे झुकलेला. तो काढायला गेलो, पण पठ्ठ्यानं बुडाशी एवढं काँक्रीट ओतलंय की माझी पहार वाकली.

शेवटी त्याच खांबाला नवं फाटक बसवलं, तीन हात वार्निश दिलं, आणि दुसऱ्या दिवशी पाहतो तर फाटकाच्या मधोमध त्या मालकाच्या मयताचा कागद, फोटो-नावासकट! जुनाच, कणकेच्या खळीनं पुन्हा चिकटवलेला. आपल्याकडे वर्षभर लावतात, मान्य. पण माझ्या वार्निशवर? त्यात मेलेल्याचं नावही माझंच, स्तामेन. पावसानं आडनाव गेलं, उन्हानं चेहरा गेला, उरली ती मिशी. तीही माझ्यासारखीच.

नेमकी त्याच आठवड्यात मावशी घर बघायला आली. कागद वाचून तशीच परत थांब्यावर गेली, दोन कार्नेशन घेतली (जोडीनं फुलं मेलेल्यालाच नेतात, तुला ठाऊक आहे) आणि फाटकाशी येऊन तिनं गळा काढला. मी ब्रश हातात घेऊनच दार उघडलं.

"अगं आई, हा तर उभाय!" मावशी किंचाळली. मग सावरून म्हणाली, "मेला नाहीस तर कागद कशाला लावलास, मेल्या?"

त्या संध्याकाळी मी किटलीची वाफ देऊन कागद सोडवला. कोपरासुद्धा फाटू दिला नाही. शनिवारी स्पासका काकू आल्या, एका हातात मयताच्या नावानं वाटायचे शिजवलेले गहू, दुसऱ्यात खळीची वाटी. रिकामं फाटक बघून मटकन बाकावर बसल्या.

मी म्हटलं, "काकू, लेकीच्या इमारतीत लावा ना."

"लिफ्टपाशी? तिथे त्याला कोण ओळखतं रे? इथे येणारा-जाणारा थांबतो, 'स्तामेन, लेका' म्हणतो आणि पुढे जातो."

"पण फाटक माझं आहे."

"फाटक तुझं," काकू म्हणाल्या. "खांब त्याचा."

माझी वाकलेली पहार तिथेच भिंतीला टेकून उभी होती. मी गहू खाल्ले. रविवारी ती पेटी केली आणि खांबावर बसवली. आत कागद, नवा फोटो, आडनाव ठळक. (खांब वाकडा, पण पेटी ओळंब्यात आहे. ये आणि तपासून बघ.) आता काकू दर शनिवारी येतात, काच पुसतात आणि माझ्या मांडवाला नावं ठेवतात.

तुझा धाकटा,
स्तामेन

ता. क. छप्पर गळतंय. पलंग आता स्वयंपाकघरात आहे. तुझ्या कोठारात जुनी कौलं पडून आहेत, ती पाठवशील का? पत्र खरं तर त्यासाठीच.

ता. क. २. एक बिल्डर आला होता. घर, अक्रोड, फाटक सगळं पाडून चार मजले उठवणार म्हणाला. मी विचारलं, खांब? तो हसला. मी फाटक लावून घेतलं. त्यानं किती देऊ केले ते रुमेनाला माहीत नाही, आणि गळतीच्या बादल्या तीच रिकाम्या करते, म्हणून तिच्यापाशी चकार शब्द काढू नकोस: दोन लाख चाळीस हजार लेव्हा.