बर्फ कोणी पाडला?

दादा,

मी दुकानात निघाले. तू गाढ झोपला होतास, म्हणून लिहून ठेवतेय. ठोकळ्यांच्या गेममधल्या आपल्या घरापुढचा बर्फ मी परवा रात्री फावड्याने पार साफ करून गेम बंद केला होता. काल संध्याकाळी बघते तर अंगण पुन्हा पांढरंशुभ्र! गेम बंद असला की तिथे बर्फ पडत नाही, हे तूच मला शिकवलंस. मग दिवसा तो चालू कोणी केला? मी दुकानात, आई कामावर आणि तू म्हणे ऑफिसात! नोकरी गेली का रे? आईला मी काही बोलले नाही. पण ती आज दुपारीच घरी येणार आहे. उगाच बाहेर भटकू नकोस. घरीच थांब आणि तिला तूच सांग.

छोटी