आठवी आसरा

आये, काल बारवेवर जाऊन आले. मुलाच्या गाडीतून गेलो. गुडघे कुरकुरत होते तरी पायऱ्या पार खालपर्यंत उतरले, आणि परत वर चढून दम लागला तेव्हा तुझाच शब्द तोंडातून निघाला, "आगं बया बया!" पाणी आहे, हे आधीच सांगते, म्हणजे तुझा जीव भांड्यात पडेल. चैत्र संपत आलाय, गावातल्या निम्म्या बोअरना नुसती हवा येतेय, आणि आपल्या बारवेत कमरेएवढं हिरवंगार पाणी. तुझी छाती आता किती फुगली असेल ते मला इथं बसून दिसतंय.

बाहत्तरच्या दुष्काळात हीच बारव कशी होती आठवतंय ना? गाळानं कमानीपर्यंत भरलेली, वर वेडी बाभूळ माजलेली, कुत्रंसुद्धा सावलीला जायचं नाही तिथं. दादा बैलं घेऊन छावणीला गेले होते आणि आपण दोघी रस्त्याच्या दुष्काळी कामावर खडी फोडत होतो. मी मॅट्रिकला बसणार होते. पुस्तकं फडक्यात बांधून आढ्याला टांगली आणि हातोडी धरली. रेशनवरच्या लाल मिलो ज्वारीची भाकरी, वर सुकडी, दिवसभर ठाक ठाक ठाक. रात्री झोपेतसुद्धा माझा हात हलायचा असं तू सगळ्यांना हसून सांगायचीस. मला राग यायचा त्याचा.

टेकडीवरचा दगड संपत आला तसा ओव्हरसियर साहेब एका सकाळी बारवेच्या तोंडाशी येऊन उभा राहिला. तरुण माणूस, रस्ता वेळेत व्हावा म्हणून वरून त्याच्यामागे तगादा, आणि दगड आणायचा कुठून ही चिंता. त्यानं काठी वरच्या पायरीवर आपटून बघितली आणि मुकादमाला म्हणाला, "आयता घडवलेला दगड आहे. उद्यापासून हाच फोडायला घ्या." मुकादम कसला बोलतोय, "व्हय सायेब" म्हणून मोकळा.

तू हातोडी खाली ठेवलीस. मला वाटलं पाणी प्यायला उठलीस. तू सरळ चालत गेलीस आणि त्या पायरीवर जाऊन उभी राहिलीस.

"ही न्हाई फोडायची, सायेब. हिचं पानी प्यालोय आमी."

"आता आहे का पाणी?"

"आत हाय."

"तुम्हाला कसं माहीत, बाई?"

तुला तरी कुठं माहीत होतं! तुला एवढंच माहीत होतं की लग्न होऊन आलीस त्या सकाळी सासूनं तुला धरून धरून या पायऱ्या उतरवल्या होत्या, ओंजळीनं पाणी पाजलं होतं आणि म्हणाली होती, "इहिरीत पोहरा उतरतो, बारवेत मानूस उतरतं. उतरलीस, आता गावची झालीस." माहेर सोडून आलेल्या, रडून रडून डोळे सुजलेल्या पोरीला तेवढं एक वाक्य त्या दिवशी पुरलं होतं, असं तू मला कितीदा तरी सांगितलंस. आता ती पायरी खडी करून रस्त्यात दाबायची म्हणत होते. हे साहेबाला कसं सांगणार? सांगून त्याला कळणार काय?

तो बिचारा वाईट नव्हता. घाम पुसत म्हणाला, "देवाबिवाचं ठिकाण असतं तर गोष्ट वेगळी होती, मी हात लावला नसता. तसं काही आहे का इथं?"

मुकादम म्हणाला, "न्हाई सायेब, कायबी न्हाई."

आणि तू म्हणालीस, "उद्या सांगते."

सगळं काम थांबलं आणि बाया खो खो हसायला लागल्या. देव आहे की नाही ते उद्या सांगते! साहेबसुद्धा हसला. म्हणाला, "बरं, उद्या सांगा."

संध्याकाळी चुलीपाशी तू तेलाची बाटली उपडी करून वाटीत शेवटचा थेंब येईपर्यंत धरून बसलीस, आणि मारुतीला लावायच्या शेंदराची पुडी त्यात सोडलीस. मी भडकलेच. "कालवनाला त्याल न्हाई आन् दगडाला त्याल!" शाळेत गुरुजींनी शिकवलं होतं, दगडात देव नसतो. तेही मी तुला ऐकवलं, पुस्तकी भाषेत, बोट नाचवून. खोटं आहे हे, लोकांना फसवणं आहे. तू शेंदूर कालवत होतीस, वर न बघता म्हणालीस, "खोटं कसं? पानी आलं की खरं हुईल."

"आन् न्हाई आलं तर?"

"तर तू बोलशील ते ऐकून घीन. आता भाकर थाप."

दिवस उजाडता उजाडता आपण नदीच्या कोरड्या पात्रातून सात गोल गोटे वेचले, साती आसरांचे. पाण्यातल्या त्या सात बहिणी, त्यांच्या जागेला हात लावायची कुणाची टाप नसते. बारवेच्या कोनाड्यात, गाळाच्या वर हातभर, तू त्यांना ओळीनं बसवलंस आणि एकेकीला शेंदूर फासलास. मी वर पदर आवळून कुणी येतंय का बघत उभी. रागावले होते, पण पहारा देत होते हेही खरं. एवढ्यात खालून तुझी हाक. "आगं, शेंदूर उरला की!"

आता आली पंचाईत. तेलात कालवलेला शेंदूर परत पुडीत जात नाही, आणि देवाचा म्हटल्यावर टाकायचा कुठं? मी म्हटलं, पुस बाभळीला. तू असं बघितलंस माझ्याकडं की मी जीभ चावली. मग तू इकडंतिकडं पाहिलंस, वर आलीस, आदल्या दिवशी फोडलेल्या ढिगातला एक खडा उचललास, तीन कोनांचा, धारदार, आणि त्याला उरलेला शेंदूर फासून सातींच्या शेजारी बसवून दिलास. हात मातीला पुसलेस. झालं!

कामाला माणसं जमली तसं तू मुकादमाला हाताला धरून आणलंस. त्यानं कोनाड्यात बघितलं मात्र, पायातल्या वहाणा काढून काखेत मारल्या. साहेब मागून आला. चेहऱ्यावर हसू होतं, त्याला सगळं कळलं होतं बहुतेक. पण मुकादम भाविक, तो मनातल्या मनात मोजायला लागला, आणि त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"वैनी, ह्या तर आठ हायत."

साहेब काठीवर रेलून बघतोय. आये, मला वाटलं, गेलं सगळं, आता गावभर छी थू. आणि तू पदर नीट करून, इतकुशीसुद्धा न गडबडता, म्हणालीस,

"सात पान्याच्या. आठवी खडीवरची. आमच्या बायांची."

कोण पहिलं हसलं ते आठवत नाही. साहेब मात्र एवढा हसला की त्याला पायरीवर बसावं लागलं. डोळे पुसून तो म्हणाला, "ठीक आहे. सोमवारपर्यंत रस्ता राहू दे, सगळ्यांनी गाळ काढा. पाणी लागलं तर बारव आठवीची. नाही लागलं तर दगड माझा."

मग सुरू झालं. गडी खाली टिकाव मारतायत आणि आपण बाया पायऱ्यांवर साखळी धरून पाट्या वर देतोय. गाळातून काय काय निघालं! फुटके माठ, बैलाची शिंगं, कुणाच्या तरी लेकराचं पितळी वाळं. पाणी मात्र नाही. दोन दिवसांनी बाया कुरकुरायला लागल्या. मुकादमाची भीड चेपली, तो येताजाता चिडवायचा, "काय वैनी, आठवीला इचारलं का?" तू म्हणायचीस, "ती बोलंना झालीया, तुज्यावर रुसलीया." वरून तोरा, पण रात्री तू जेवत नव्हतीस. भाकरीचा तुकडा मोडून नुसती बघत बसायचीस. तेव्हा मला कळलं की हे नुसतं दगड वाचवणं नाही. तू हरलीस तर गावात तुला तोंड वर करून चालता येणार नव्हतं, आणि त्याहून, सासूच्या त्या वाक्यावर तुझा पाय होता, तोच निसटणार होता. मग एका सकाळी मी तुझ्या मागची जागा सोडून तुझ्या पुढं उभी राहिले, सगळ्यात खालच्या पायरीवर, म्हणजे भरलेली पाटी आधी माझ्या हातात येईल.

सोमवारी दुपारी, साहेब घड्याळ बघत वर उभा असताना, माझ्या हातात आलेली पाटी जड लागली. नेहमीच्यापेक्षा जड. गाळ काळा होता आणि तो बोटांना चिकटला. मी तुझ्याकडं बघितलं. तू पाटी माझ्या हातातून जवळजवळ हिसकावलीस, नाकाला लावलीस, आणि उडी मारलीस खाली, गड्यांच्या मध्ये. पाय घोट्यापर्यंत रुतला. काढलास, आणि त्या खड्ड्यात, आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, पाणी भरायला लागलं.

"आलं! आलं गं बायांनो, आलं!"

तुझा तो आवाज मी आयुष्यात परत ऐकला नाही. बाया पाट्या फेकून खाली धावल्या. कुणीतरी तुझे हात धरले आणि घोट्याएवढ्या चिखलात तुम्ही फुगडी घातलीत, साहेबाच्या पांढऱ्या पँटीवर चिखल उडेपर्यंत. तो ओरडला नाही. उतरून खाली आला, वहाणा हातात घेऊन. मुकादम तर कोनाड्यापुढं आडवाच पडला. आणि तू गढूळ पाण्याची ओंजळ भरून माझ्यापुढं धरलीस. "उतरलीस ना? पी." मी प्याले. दाताखाली माती करकरली. इतकं गोड पाणी मी अजून प्याले नाही, आणि हे मी अतिशयोक्ती म्हणून सांगत नाही. मग तू मधल्या टप्प्यावर मांडी घालून बसलीस, फडक्यातली मिलोची भाकरी सोडलीस आणि सगळ्या गावाकडं बघत बघत ती पुरी खाल्लीस. काय तो रुबाब! पुढं कितीतरी वर्षं जामखेडच्या बाजारात ओळखीचं कुणीही भेटलं की पहिल्यांदा बारव, मग तब्येतपाणी.

कालचं सांगायचं राहिलं. गावातली तरुण पोरं आता बारव साफ ठेवतात, सणाला पायऱ्यांवर पणत्या लावतात, लांबून माणसं बघायला येतात. काल एक चष्मेवाला पोरगा पाहुण्यांना माहिती देत होता. "या साती आसरा. आणि ही आठवी बघा, हिचा आकार वेगळा आहे. ही बारव बांधणारी राणी असावी असं जाणकारांचं मत आहे." माझ्या मुलाला सगळी गोष्ट माहीत, त्यानं तोंड उघडलंच होतं. मी त्याला चिमटा काढला. तुला राणी म्हणत होते गं! मी कशाला मधी बोलू?

तुला वाचता येत नव्हतं, आलेलं टपाल मीच वाचून दाखवायची. आता हे तुला कोण वाचून दाखवणार? घडी घालून, तू टपाल ठेवायचीस तसं, डाळीच्या डब्याखाली ठेवते.

फक्त एक राहिलं. कधी नव्हे ते मी शेंदूर नेला होता, तेलात कालवून. माणसं पांगल्यावर आठींना लावला. आणि आये, उरला. रस्ता रुंद करायचं काम चालू आहे, कडेला खडीचे ढीग पडलेत, मशीनवर फोडलेली, पण खडीच. पाय मोकळे करून येते असं मुलाला सांगितलं आणि त्यातला एक खडा उचलून आणला, शेंदूर फासून आठवीच्या शेजारी बसवला. आता नऊ झाल्यात. नववी कोण, असं कुणी विचारलंच, तर म्हणेन, उद्या सांगते.