सगळ्या दारांत चंदन

वळ गाव, बुद्धपौर्णिमा, १९९६

बाबांची नजर गेल्यापासून आई रोज तिन्हीसांजेला दारात चंदनाची उदबत्ती लावते. त्या वासाच्या मागानं ते आळीच्या टोकापासून एकटे घरी येतात. आज पौर्णिमेची म्हणून तीच चंदनाची उदबत्ती दारोदार होती, धूर चांदण्यात तरंगत होता. बाबा मधेच थांबले. मी धावत जाऊन हात धरला, तर हसत होते. "कुठं वळायचं कळतच न्हाय गं. आज सगळीच घरं आपली हायत."

तेव्हापासून माझ्या प्रयोगातल्या, लॅबमधल्या पेशी डोळ्यांपुढून हलत नाहीत. उंदराच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी केमोकाइनच्या, म्हणजे त्यांना बोलावणाऱ्या रसायनाच्या, मागानं जातात, जिकडे ते दाट तिकडे. बारीक जाळीवर सोडल्या की त्यांनी भोकांतून खाली उतरायचं; परवा माझ्या पेशी जाळीवरच बसून राहिल्या. 'निकामी', मी वहीत लिहून मोकळी. पण केमोकाइन फक्त जाळीखाली हवं होतं, आणि घाईत एकाच बाटलीतलं मी वरही ओतलं की काय? ओतलंच. सगळीकडे सारखाच वास. मग जातील कुठं बिचाऱ्या?

चंदन अजून दरवळतंय. उद्या आधी 'निकामी' खोडायचं. हाच शब्द मी दिवाळीत आईजवळ बोलले होते, बाबांबद्दल. ते तेव्हा दाराबाहेर ओट्यावरच बसले होते.