फौजदारांचा ओटा

२६ ऑक्टोबर २०१९
भंडाऱ्याहून एसटीत अर्धा रस्ता उभी! मग एका म्हातारीने विचारलं, कोणाची तू? म्हटलं, सिहोऱ्याच्या फौजदारांची. लगेच सरकून जागा दिली. बाबा जाऊन दोन महिने होत आले, तरी त्यांच्या नावावर अजून बसायला मिळतं. मान ताठ करून बसले.

२७ ऑक्टोबर
यंदा आमच्याकडे सण नाही. दारात एक पणती. बस.

२८ ऑक्टोबर
गुरुवारी गावची मंडई. दिवाळीनंतरच्या या जत्रेत हरवलेलं मूल आमच्या ओट्यावर आणायचं, हा रिवाज बाबांचा. नोकरीत होते तेव्हा त्या दिवशी रजा टाकायचे, निवृत्तीनंतर तर सकाळपासूनच ओट्यावर. रडणाऱ्या पोराच्या हातात स्वतःची भजनाची खंजिरी द्यायचे — वाजव! दंडारीच्या नाचगाण्याच्या गलक्यात लाउडस्पीकर कोण ऐकतो? पण बेताल खंजिरी कानावर आली की मंडईला कळायचं, फौजदारांकडे पोरगं आहे, आपापली मोजा. एरवी शनिवारी मारुतीच्या देवळात त्या खंजिरीला कोणाला हात लावू देतील तर शपथ.

मला मात्र मंडईचा राग. मैत्रिणी पाळण्यात बसायच्या आणि मी नवा फ्रॉक घालून बाबांच्या शेजारी, रस्त्याकडे तोंड करून. दिवस मावळेपर्यंत! कॉलेजात गेले तरी सुटका नाही. मी चिडले की बाबा म्हणायचे, "बस हर्षा बेटा. लोकायले दिसू दे माही पोरगी." मिरवायची हौस, दुसरं काय! आतून मलाही आवडायचंच.

२९ ऑक्टोबर
आईला म्हटलं, यंदा ओट्यावर मी बसते. नाही म्हणाली. खंजिरी कुठे ठेवलीस? विचारल्यावर चुलीकडे वळली. घनश्यामकाका, बाबांचे धाकटे भाऊ, म्हणाले वर्ष सरेपर्यंत दार बंदच बरं. मी म्हटलं, मुलं काय वर्ष सरायची वाट बघून हरवणार? काका उठून गेले. आई रडली. एवढं रडण्यासारखं काय बोलले मी?

३० ऑक्टोबर
आईचा अबोला. माझाही.

३१ ऑक्टोबर
मंडई. दार लावलेलं. दुपारी डोमाकाका पानठेलेवाले एका रडणाऱ्या पोरीला कडेवर घेऊन आले. सवयीने ओट्यावर बसवलं, मग बंद दार बघून ओशाळले. आईने दार उघडलं तर म्हणाले, "फौजदाराचा ओटा हाये, वहिनी. दुसरीकडं कुठी नेऊ इले?"

आई आत गेली. धानाच्या कोठीतून खंजिरी काढून आणली, पोरीच्या हातात दिली. मला एवढंच म्हणाली, "बस."

बसले. पोरीने असा काही धडाका लावला की तिची आई बांगड्यांच्या दुकानातून धावत आली, चप्पल हातात! पोरीला उराशी धरलं आणि आधी ओट्याला हात लावून नमस्कार केला. हे बाबांनी कमावलं. संध्याकाळपर्यंत आणखी मुलं आली, सगळी आपापल्या घरी गेली. आई दिवसभर दारात उभी. मुलांकडे नाही, माझ्याकडे बघत.

१ नोव्हेंबर
आज आई बोलली. "तू दोनेक वर्साची असशीन. तुये बाबा मंडईत बंदोबस्ताले होते. तू रडून राहिली होती. आणून या ओट्यावर बसवलं, खंजिरी देल्ली. अंधार पडला, तुले न्यायले कोनीच नाही आलं."

दत्तकाचे कागद कोर्टात मागाहून झाले. ओट्याचा रिवाजही तेव्हापासूनचा. दर मंडईला आई भांडायची — आज तरी पोरीला आत ठेवा, कोणी ओळखलं तर? बाबा मला रस्त्याकडे तोंड करूनच बसवायचे. म्हणायचे, "पोलीस आहो मी, हर्षाची माय. कोनाची लेक लपवू कसा?"

पुढच्या मंडईलाही तिथेच बसणार. रस्त्याकडे तोंड करून. कोणी विचारलंच, कोणाची तू — फौजदारांची.