न घेतलेल्या व्रताचं पुण्य

आखाडा बाळापूर,
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

आज सुट्टी. सकाळी शेतात जाऊन आलो. धाकट्या भागवतनं हळद काढायला माणसं लावली आहेत. आई मावशीकडे कळमनुरीला गेली आहे, ती उद्या येईल. दुपारी पिठलं केलं, जेवलो, भांडी घासली. ऊन तापायला लागलं आहे.

तीर्थरूप आत्याबाईंना देविदासचा वाकून नमस्कार. (मी वाकलो की समोरच्याला काय दिसतं ते तुम्हाला माहीत आहे, म्हणून पत्रातूनच वाकलेलं बरं.) तुमचा गुडघा कसा आहे? ऑपरेशन झालेल्या डोळ्याला अजून पाणी येतं का? वसमतला इकडच्यापेक्षा धूळ जास्त, तेव्हा काळा चष्मा लावत जा, लोक हसले तरी हसू द्या. लोकांच्या हसण्याची मला आता बरीच माहिती झाली आहे.

फोन न करता पत्र लिहितो याचं नवल वाटेल. पण फोनवर तुम्ही काहीही विचारलं तरी मी ‘हं’ म्हणतो, तुम्ही पुन्हा विचारता, मी पुन्हा ‘हं’ म्हणतो, मग तुम्ही ‘आईला दे’ म्हणता. मला यावेळी ‘हं’च्या पुढचं सांगायचं आहे. उद्या सकाळच्या वसमत गाडीच्या कंडक्टरजवळ हे पाकीट देणार आहे. विषय माझ्या डोक्याचा आहे. आतल्या नव्हे, वरच्या.

माझे केस जायला लागले तेव्हा मी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होतो. त्या वयात मित्रांना मिशा येत होत्या, मला कपाळ येत होतं. तुमच्या भावाचे, म्हणजे अण्णांचे केस तुम्ही पाहिलेच आहेत. साठी उलटली तरी त्यांच्या डोक्यात कंगवा अडकायचा. आपल्या घराण्यात कुणाला टक्कल नाही, हे त्यांनी मला इतक्या वेळा सांगितलं की मला आईच्या माहेराचा संशय आला. पण तिकडे मामाही दाट केसांचे. म्हणजे टक्कल ही मी स्वतः कमावलेली इस्टेट आहे, वारशात काही नाही.

अण्णांनी हार मानली नाही. कुणी सांगितलं म्हणून त्यांनी मला कांद्याचा रस लावला. तो लावून मी गुरांच्या दवाखान्यात कामावर गेलो की शिपाई विचारायचा, ‘सायेब, डब्यात भजे हायेत काय?’ मग कुणी ओल्या हळदीचा लेप सांगितला. आपल्या घरी हळदीला काय तोटा? डोकं, कान, मान, सगळं पिवळं झालं आणि काही केल्या धुऊन जाईना. रस्त्यात जो भेटेल तो हात हातात घेऊन विचारायचा, मुलगी कुठली, आम्हाला कळवलं कसं नाही. मी लाजून खाली बघायचो, त्यामुळे त्यांची खात्रीच पटायची. खाजा मियाच्या म्हशीला खरूज झाली होती. मी मलम दिलं, दोन महिन्यांत म्हैस काळीभोर झाली. खाजा मिया भर दवाखान्यात म्हणाला, ‘डाक्टरसाब, भैंस कू बाल आ गये. येइच मलम तुम कायकू नै लगाते?’ मी हसण्यावारी नेलं. (तुम्हाला म्हणून सांगतो, मी लावून पाहिलं होतं. म्हशीला लागू पडलं, ते तिचं नशीब.)

शेवटी मी टोपी घालायला लागलो आणि लग्नाचे पाहुणे सोडले तर सहा वर्षं ती कुणासमोर काढली नाही. जेवताना टोपी, फोटोत टोपी. गाईच्या पोटाखाली वाकलो तरी टोपी. माझ्या लग्नासाठी अण्णांनी बायोडाटा छापून घेतला त्यात मात्र त्यांनी माझा कॉलेजातला फोटो टाकला. त्यात मला भांग आहे. मी म्हणालो, अण्णा, हा मी नाही. ते म्हणाले, ‘तूच हायेस की, थोडा आधीचा.’ पाहुणे तो फोटो पाहून यायचे आणि मला पाहून जायचे.

मग मे महिन्यात अण्णा गेले. ते सगळं तुम्ही पाहिलंच आहे, त्यावर लिहीत नाही. पण दहाव्याला तुम्ही बायका घरी होतात, त्यामुळे नदीवर काय झालं ते तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. थोरला म्हणून पहिला मी बसलो. सटवाजी न्हाव्यानं टोपी काढून बाजूला ठेवली, पाणी लावलं, वस्तरा उघडला आणि तसाच थांबला. मागून काका ओरडले, ‘काहून थांबला रे?’ सटवाजी म्हणाला, ‘न्हाई, जागा पाहून राहिलो.’ मग त्यानं कानांवरचे आणि मागचे होते तेवढे काढले आणि रीत अर्धी राहू नये म्हणून मोकळ्या टाळूवरूनही वस्तरा फिरवला, उलट्या बाजूनं, हळूहळू. आत्याबाई, मला गुदगुल्या झाल्या. बाप जाऊन दहा दिवस झालेले, समोर पिंड मांडलेला आणि मी हसू दाबतोय. दाबता दाबता खांदे हलायला लागले. लोक म्हणाले, फुटलं लेकरू, रडू द्या, रडू द्या. काकांनी पाठीवरून हात फिरवला, तेव्हा तर आणखी हललो. तोवर माझ्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं आणि तेव्हाही आलं नाही, पण देविदास बापासाठी ढसाढसा रडला हे गावात कायमचं ठरलं ते त्या दिवशी.

नंतर भेटायला येणारा प्रत्येक जण ‘डोक्यावरचं छत्र गेलं’ म्हणायचा आणि म्हणता म्हणता माझ्या डोक्याकडे बघायचा. पण खरं सांगू का, मला त्या दिवसांत एक विचित्र सुख मिळालं. भागवतचं डोकं तसंच, काकांचं तसंच, चुलतभावांची तशीच. आमच्या ओसरीवर सगळी सारखीच डोकी होती. सहा वर्षांनी मी पहिल्यांदा उघड्या डोक्यानं बाजारात गेलो. कुणी हसलं नाही, उलट लोक रस्ता देत होते. डोक्याला वारा लागतो हे मी विसरून गेलो होतो. घरात सुतक आणि मला वारा बरा वाटतो, याची लाजही वाटायची. पण टोपी पुन्हा घातली नाही.

अडचण पोळ्याच्या सुमारास सुरू झाली. भागवतच्या डोक्यावर तोवर रान माजलं होतं. माझ्या कानांवर आणि मागच्या बाजूला झालर आली, मधे मैदान. (घोड्याला नाल ठोकतात तशी, फक्त केसांची.) ते इतकं वाईट दिसायला लागलं की मी एक वस्तरा आणून दर रविवारी मागच्या नळाखाली बसून झालरही काढायला लागलो. निदान सगळीकडे सारखं दिसावं, इतकाच हेतू. पण मला तसं बसलेलं शेजारच्या बाईनं पाहिलं. तिनं गिरणीत सांगितलं. गिरणीतून ते गावभर झालं की किसनरावांच्या थोरल्यानं वर्षभर डोक्यावर केस न ठेवण्याचं व्रत धरलं आहे. मला कुणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. पण कुणी विचारलंच नाही, आणि न विचारता ‘ऐका हो, मला टक्कल आहे’ असं चौकात जाऊन सांगणं मला जमलं नसतं.

दत्तजयंतीच्या सप्ताहात तर कळस झाला. मी तिसऱ्या रांगेत बसलो होतो. महाराजांनी मातृपितृभक्तीवर बोलता बोलता एकदम माझ्याकडे हात केला. ‘मायबाप हो, भाऊबंदाच्या डोक्यावर केस आले, पर या लेकरानं बापापायी डोईवर एक केस उगवू दिला न्हाई!’ सगळा मंडप वळून माझ्या डोक्याकडे पाहायला लागला. दिव्यांचा उजेड नेमका त्यावरच पडला होता. वाक्य शब्दशः खरं होतं, फक्त उगवू न देणारा मी नव्हतो. मी खाली मान घातली. त्यानं डोकं अजून नीट दिसलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

त्या मंडपात कनेरगाव नाक्याचे संतरामकाका होते, तुमच्या नणंदेचे व्याही. कीर्तन संपल्यावर ते डोळे पुसत माझ्याजवळ आले. मी हिंमत करून म्हणालो, ‘काका, व्रत वगैरे काही नाही. माझे केस येतच नाहीत.’ ते म्हणाले, ‘कशे येतीन बापा? मन थाऱ्यावर न्हाई तं केस कशे येतीन? माहा भाऊ गेला तवा मले महिनाभर भूक न्हाई लागली.’ आणि मला पोटाशी धरलं. पुढच्याच आठवड्यात त्यांची मुलगी पुनम हिचं स्थळ आलं. आईनं बायोडाटा दिला. तो फोटो पाहून ते म्हणाले म्हणे, ‘काय केस होते पोराचे! अन् बापापायी सोडले.’

आपल्यात वर्षाच्या आत लग्न करायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं. (तीन वर्षांनी माझ्या भुवया तरी राहतील की नाही कोण जाणे.) म्हणून सगळ्यांना घाई. पंधरा दिवसांपूर्वी आम्ही मुलगी पाहायला कनेरगावला गेलो. मनकर्णाकाकूंनी, म्हणजे तिच्या आईनं मला सांगितलं की लग्नात डोक्यावर फेटाच असतो, तेव्हा तुमचं व्रत मोडायचं काम नाही. सगळी सोय त्यांनीच करून ठेवली होती. पुनम वाशिमला बी.एड. करते. ती चहा घेऊन आली तेव्हा माझ्या टाळूवर एक माशी बसली, उडाली, घसरल्यासारखी पुन्हा बसली. पुनमला हसू फुटलं. आत्याबाई, फार मोकळं हसू होतं ते. मीही हसणार होतो, तेवढ्यात तिच्या वडिलांनी डोळे वटारले आणि तिनं पदर तोंडाला लावून असा चेहरा केला की जणू देवळात हसली. आम्ही निघताना ओसरीवर तिनं हळूच विचारलं, ‘डोक्याले थंडी नाही वाजत?’ म्हटलं, सवय झाली. मग म्हणाली, ‘वर्ष झाल्यावर वाढवणार ना केस?’

मी म्हणालो, ‘बघू.’

तेव्हापासून माझं मन लागत नाही. आई म्हणते, ‘आता बोलून राहिलास तर मार खाशील. लग्न झाल्यावर कळंल तवा कळंल. केस न्हाईत, पाय तर मोडला न्हाई ना तुझा?’ भागवत म्हणतो, दादा, लोकांनी दिलेलं पुण्य आहे, ठेवून घे. दोघांचंही बराबर आहे. यापूर्वीच्या पाहुण्यांना मी टोपी काढून दाखवली आणि ते गेले. इथे तर टोपी नसूनही स्थळ जमतं आहे. पण वर्ष सरलं की ती मुलगी जेठात माझ्या डोक्याकडे बघत बसेल. आषाढात बघेल. मग तिला कळेल की आपला नवरा भक्त नव्हता, टकला होता, आणि ‘बघू’ म्हणाला होता. मला पूजा करणारी बायको नको आहे. माशी घसरली तर हसणारी हवी आहे, आणि हसली तर तिला तोंड झाकावं लागू नये.

बाकी इकडचं सगळं बरं आहे. तुमच्या गुडघ्याला तेल लावत जा. (मला तेल पाठवू नका.) घरातल्या थोरांना नमस्कार, लेकरांना माझी आठवण सांगा.

तुमचा,
देविदास

ता. क. : एक काम आहे. येत्या रविवारी कनेरगावची मंडळी आपलं घर पाहायला येणार आहेत. रीतीप्रमाणे संतरामकाका आणि चार पुरुष येतील. तुम्ही त्यांना फोन करून पुनमलाही आणायला सांगा. मुलगी कधी घर पाहायला येत नाही असं ते म्हणतील, तर म्हणा की राहायचं तिला आहे, चूल कुठे आहे ती तिनंच पाहावी. ते तुमच्या शब्दाबाहेर नाहीत. तुम्हीही या. आणि ती आली की तिला पाठीमागच्या अंगणात घेऊन या, उजेड तिकडे चांगला असतो. तोवर झालर दोन आठवड्यांची झालेली असेल आणि मधलं मैदान तसंच. तिनं विज्ञान घेतलं आहे, तिला समजावून सांगावं लागणार नाही. सांगावं लागलं तर ते मीच सांगेन, तुम्ही फक्त काकांना बोलण्यात गुंतवा.

आणखी ता. क. : वर लिहिलं की व्रत नाही. नाहीच. पण दर रविवारी नळाखाली बसतो तेव्हा मागच्या बाजूला काही राहिलं का ते सांगायला कुणी नसतं. मी हातानं चाचपून बघत बसतो, आणि त्यावेळी अण्णा फार आठवतात. दोनदा रडलोही, चांगलं मोठ्यानं, नळ सोडून. हे गावात कुणाला माहीत नाही, आणि तुम्हीही सांगू नका, नाहीतर पुन्हा टाळ्या वाजवतील.

चुलीवरचं पाणी तापलं आहे. आता जाऊन दाढी करतो. फक्त दाढी.